जुन्या १६१३ च्या पेटीत काय काय ठेवावं? स्पेअर, हत्यारं आणि अडीअडचणीचं सामान

कांदेवाला_पिंपळगाव

नमस्कार मंडळी. गाडी २००४ ची टाटा एलपीटी १६१३ ट्रक. ६९७ टर्बो इंजिन, साधा इनलाइन (मेकॅनिकल) डिझेल पंप, फुल एअर ब्रेक, मागच्या चाकांना स्प्रिंग ब्रेकचे चेंबर, टायर १०.००-२० ट्यूबवाले. माल कांदा. पिंपळगाव बसवंतहून कसारा घाट उतरून वाशी, मधूनमधून वणी-सापुतारामार्गे सुरत आणि महिन्यातून एखादी नागपूर खेप समृद्धीवरून.

केबिनमागे लोखंडी पेटी आहे, ३ फूट लांब, दीड रुंद, दीड खोल. सध्या तिच्यात जॅक, टॉमी (चाकाचे नट फिरवायचा दांडा), चार-पाच पाने आणि कशाचे ते माहीत नसलेले नट-बोल्ट आहेत. पेटी नव्याने भरायची आहे. दुकानदार सांगेल ते सगळं घेतलं तर पेटीच अर्धा टन व्हायची. रात्री दोन वाजता घाटात गाडी उभी राहिली तर ड्रायव्हर आणि क्लीनर दोघांच्या हातून काय होऊ शकतं, तेवढंच ठेवायचं आहे. कोणता पार्ट, किती नग आणि का, असं सांगाल तर बरं.

पाना_टॉमी

भाऊ, प्रत्येक पार्टला तीन प्रश्न विचारा. हा गेला तर गाडी जागेवर उभी राहते का? रस्त्याकडेला आपल्या पान्यांनी बसवता येतो का? आणि पुढच्या तालुक्याच्या गावात रात्रीचा मिळतो का? पहिल्या दोघांना ‘हो’ आणि तिसऱ्याला ‘नाही’ असेल तरच पेटीत जागा. हेड गॅस्केट गेली तर गाडी उभी राहते हे खरं, पण हेड काही रस्त्यावर उतरवणार नाही, मग गॅस्केट कशाला बाळगायची? याउलट डिझेल लाइनचा तांब्याचा वायसर चार-पाच रुपयांचा, आणि त्याच्यामुळे रात्र घाटात जाते.

सुरुवात डिझेलपासून करतो, कारण जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत सगळ्यात जास्त खोळंबा तिथेच होतो.

पेटीत ठेवा: दोन्ही डिझेल फिल्टरचा एक संच त्यांच्या रबरी सीलसकट. बँजो बोल्टचे (डिझेल पाइप जोडायचे पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर, गाडीवर जी मापं आहेत त्या प्रत्येक मापाचे १०. एक-दोन जादा बँजो बोल्ट. फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) एक किट (व्हॉल्व्ह, स्प्रिंग, वायसर) आणि हँड प्रायमरची, म्हणजे हाताने डिझेल ढकलायच्या पंपाची गुंडी. डिझेलला चालणारा रबरी पाइप ३ मीटर आणि ४ क्लिपा. नोझल पाइपांचे (पंपातून प्रत्येक सिलिंडरच्या नोझलला जाणारे पाइप) क्लॅम्प ४. पाने १७ आणि १९ चे, दोन्हींचे रिंग आणि फिक्स.

गाडी चालता चालता ओढ कमी झाली, इंजिन खालीवर व्हायला लागलं, बंद पडलं, आणि प्रायमर मारल्यावर चालू होऊन दोन किलोमीटरवर पुन्हा तेच झालं, तर टाकी ते फीड पंप या ओढणाऱ्या बाजूला हवा घेतेय असं समजा. इथे लोक फसतात ते एका गोष्टीवर: या बाजूचा लिकेज थेंब थेंब गळत नाही. तिथे पंप ओढत असतो, त्यामुळे डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते आणि पाइप बाहेरून कोरडा ठणठणीत दिसतो. तो ३ मीटरचा पाइप यासाठीच सांगितला. फीड पंपाच्या तोंडाला थेट तो लावा, दुसरं टोक डिझेलच्या कॅनमध्ये सोडा. इंजिन नीट चाललं तर दोष टाकीच्या पाइपात किंवा जाळीत. तरीही हवा येत असेल तर फीड पंप, फिल्टरचे सील किंवा वायसर.

हवा काढण्याचा क्रम: पहिल्या फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, प्रायमर मारा, बुडबुडे थांबून नितळ डिझेल आलं की प्रायमर मारता मारताच स्क्रू बंद करा. मग दुसरा फिल्टर. मग पंपावरचा हवा काढायचा स्क्रू. एवढ्यावर बहुतेक वेळा गाडी उठते. नाही उठली तर दोन-तीन नोझलांकडचे पाइप-नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ (स्टार्टर) मारा, डिझेल आलं की घट्ट करा. सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये मिनिटभर विश्रांती. शेवटी प्रायमरची गुंडी दाबून पूर्ण आटून ठेवा, ती सैल राहिली तर तिथूनच हवा घेते.

नवा वायसर हाताशी नसेल तर जुना तांब्याचा वायसर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका. मऊ पडतो, आणखी एकदा बसतो. अॅल्युमिनियमच्या वायसरवर हा प्रयोग करू नका.

दुसरं, पट्टे. फॅनचा पट्टा गेला की पाण्याचा पंप आणि डायनामो दोन्ही थांबतात. चार्जिंगचा दिवा आणि तापमानाचा काटा एकदम बोलायला लागले तर आधी पट्टा बघा. जिथे एकाच पुलीवर दोन पट्टे आहेत तिथे जोडीच बदला. एक नवा आणि एक ताणलेला असे चालवले तर सगळा भार नव्यावर येतो आणि तोही लवकर जातो. नंबर जुन्या पट्ट्याच्या पाठीवर असतो, तो पुसला जाण्याआधी लिहून ठेवा. ताण: दोन पुलींच्या मध्यावर अंगठ्याने जोरात दाबल्यावर १० ते १५ मिमी दबला पाहिजे. त्यापेक्षा ओढून बसवलात तर पंपाचं बेअरिंग जातं. कंप्रेसर पट्ट्यावर चालत असेल तर त्याचाही एक ठेवा, तो तुटला तर ब्रेकची हवा गेली म्हणून समजा. (टाटाच्याच कमिन्स ६बीटी इंजिनाच्या गाड्यांत एकच रुंद रिब्ड पट्टा आणि आपोआप ताणणारी पुली असते. ते वाचणाऱ्यांनी ही जोडी शोधत बसू नये.)

तिसरं, पाणी. रेडिएटरचा वरचा आणि खालचा होस प्रत्येकी एक, स्क्रूच्या क्लिपा ४, एक रेडिएटर कॅप, कूलंट ५ लिटर, साधं पाणी २० लिटर. खालच्या होसला आत स्प्रिंग असेल तर नव्यातही तशीच हवी, नाहीतर पंपाच्या ओढीने होस आत चिपकतो. होस रस्त्यात फाटला आणि जोडीला नवा नसेल तर जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी ताणून गुंडाळा, वरून बाइंडिंग वायर, आणि कॅप पहिल्याच खाचेवर ठेवा म्हणजे दाब धरणार नाही. घाट चढायला हे चालणार नाही, गावापर्यंत चालेल. आणि तापलेल्या, कोरड्या इंजिनात गार पाणी ओतू नका. अर्धा-पाऊण तास थांबा, मग इंजिन आयडलला ठेवून थोडं थोडं घाला. हेडला चीर पडते ती याच घाईत.

घाट_आणि_हवा

वरचं सगळं बरोबर. पण कसारा आणि सापुतारा म्हटल्यावर ब्रेकच्या हवेबद्दल सविस्तर बोलायला हवं. डिझेल बंद पडलं तर गाडी थांबते. हवेच्या बाबतीत दोन्ही वाईट गोष्टी होऊ शकतात: थांबायची तेव्हा थांबत नाही, किंवा निघायची तेव्हा हलत नाही.

तुमच्या मागच्या चाकांना स्प्रिंग ब्रेक आहे. त्याचा अर्थ, चेंबरमध्ये (चाकाजवळच्या गोल डब्यात) दाबून ठेवलेली जाड स्प्रिंग हवेने मागे धरलेली असते. हवा साधारण ५ बारच्या खाली उतरली की स्प्रिंग हळूहळू पुढे येऊन ब्रेक धरायला लागते. म्हणून रस्त्यात पाइप फुटला की गाडी जाम होते आणि धक्का मारून काही होत नाही. चेंबरच्या मागे रबरी टोपणाखाली भोक असतं, त्यातून सोडवणीचा बोल्ट आत घालून पाव फेरा फिरवून अडकवायचा, मग वायसर आणि नट लावून आटत जायचं, स्प्रिंग मागे ओढली जाते. काही चेंबरमध्ये हा बोल्ट मागच्या बाजूला कायमच बसवलेला असतो, तिथे तोच उलटा फिरवून बाहेर काढायचा. आपल्या गाडीला कोणता प्रकार आहे ते आज दिवसाउजेडी बघून ठेवा. सुट्या बोल्टचा प्रकार असेल तर दोन बोल्ट पेटीत हवेतच, दोन्ही बाजूंना एकेक.

बोल्ट फिरवण्याआधी पुढच्या-मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. स्प्रिंग मागे ओढली की हँडब्रेक नाही, गाडी मोकळी. आणि अशा स्थितीत घाट उतरायचा नाही. बाजूला घेण्यापुरतं, सपाटीवरच्या गॅरेजपर्यंत, बस. स्प्रिंगच्या बाजूची चेंबरची पट्टी कुणीही, कोणत्याही कारणाने उघडायची नाही. आतली स्प्रिंग माणूस मारते. सर्व्हिस बाजूचा (पायाच्या ब्रेकचा) डायफ्राम, म्हणजे रबरी पडदा, बदलता येतो, पण आधी स्प्रिंग बोल्टने बांधून आणि टाकीतली हवा पूर्ण सोडून.

पेटीत:

डायफ्राम, पुढच्या चेंबरच्या मापाचा एक आणि मागच्याचा एक. चेंबरवर २४, ३० असा आकडा कोरलेला असतो. तो डायफ्रामच्या प्रभावी क्षेत्रफळाचा, चौरस इंचांत. दुकानात ‘१६१३ चा द्या’ म्हणू नका, आकडा सांगा. जुन्या गाडीत मधल्या काळात कुणी काय बसवलंय सांगता येत नाही.

पुढच्या चाकाचा लवचीक ब्रेक होस १, मागचा १. नायलॉन पाइप गाडीवर असेल त्या प्रत्येक मापाचा २ मीटर, आणि त्या मापाचे पितळी जोडणीचे युनियन २-२, फेरूल (नटाखाली दाबून बसणारी कडी) आणि आतल्या नळीसकट. नायलॉन पाइप कापताना पकडीने चेमटवू नका, धारदार ब्लेडने काटकोनात कापा, आतली छोटी पितळी नळी घालायला विसरू नका. ती नसेल तर नट आवळताना पाइप आत दबतो आणि चार दिवसांनी निसटतो. रबरी नळी वर चढवून क्लिप लावायचा जुगाड इथे टिकत नाही, ८ बारला उडून जातो.

टाकीचा ड्रेन व्हॉल्व्ह १. साबणाचं पाणी फवारायची बाटली.

एका चाकाची लाइन फुटली म्हणून तिला डट्टा मारून पुढे निघणारे दिसतात. त्यात गाडी एका बाजूला ओढते, भरलेल्या गाडीत तर फारच. धोक्याच्या जागेवरून हलवण्यापुरतंच ते करा, उतारावर अजिबात नाही.

निघण्यापूर्वीची तपासणी: हवा पूर्ण भरा, इंजिन बंद, चाकांना ठोकळे, हँडब्रेक सोडलेला. १० मिनिटांत काटा अर्धा बारपेक्षा जास्त पडला तर लिकेज शोधूनच निघा. मग कुणाला तरी पाय दाबून धरायला सांगा आणि पुन्हा बघा. ब्रेक दाबल्यावरच पडत असेल तर डायफ्राम किंवा होस. टाकीतलं पाणी रोज संध्याकाळी सोडा. पाण्याबरोबर काळं तेल चमच्यापेक्षा जास्त येत असेल तर कंप्रेसरच्या रिंगा गेल्या आहेत. ते तेल पुढे जाऊन व्हॉल्व्हची रबरं फुगवतं, मग तुम्ही कितीही डायफ्राम बाळगा.

हलकी_पेटी

थोडा वेगळा सूर लावतो. वरच्या दोघांच्या याद्या घेतल्या तर पेटी भरली, पण निम्मं सामान हे घरी वेळेवर न केलेल्या कामाचं प्रायश्चित्त आहे. होस पाच वर्षांचा झालाय, बोटाने दाबल्यावर कडक लागतो, तर नवा पेटीत कशाला? नवा गाडीला बसवा आणि उतरवलेला, अजून न फाटलेला, पेटीत टाका. पट्ट्यांचंही तेच. याचे दोन फायदे. नवा पार्ट बसतो की नाही हे घरीच कळतं, दुकानातून चुकीचा आला असेल तर रात्री दोनला कळत नाही. आणि रबर पेटीत पडून पडून तसंही मरतं. उन्हाळ्यात बंद लोखंडी पेटी आतून भट्टी असते, तीन वर्षं पडलेला ‘नवा’ पट्टा चालत्या पट्ट्यापेक्षा आधी तुटू शकतो.

फक्त डायफ्राम आणि ब्रेक होस याला अपवाद. ब्रेकचं रबर जुनं ठेवायचं नाही, नवंच.

माझ्या मते वरच्या यादीत एक गोष्ट राहिली ती म्हणजे प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या धुराकडे जाणारा दांडा) क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा. क्लच सोडताना खालून ‘टणक्’ असा आवाज येतो, मग ठरावीक वेगात थरथर, आणि तरीही ग्रीस मारून आठवडा ढकलला जातो. क्रॉस तुटला की शाफ्ट खाली पडतो, हवेचे पाइप फाडतो आणि घाटात इंजिनाचा ब्रेकही जातो. एक क्रॉस किट सर्क्लिपांसकट, फ्लँजचे बोल्ट आणि लॉकनट ८. हे बोल्ट साधे हार्डवेअरचे चालत नाहीत, जास्त ताकदीचेच हवेत, डोक्यावर १०.९ किंवा निदान ८.८ कोरलेलं बघा. नट एकदा उघडला की नवा.

तेलं मोजकी: इंजिन ऑइल १५डब्ल्यू-४० पाच लिटर, गिअर ऑइल १ लिटर, क्लचचं ब्रेक फ्लुइड अर्धा लिटर सीलबंद डब्यात, स्टिअरिंगचं तेल पॉवर असेल तर १ लिटर. क्लचच्या मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडरचं रबर किट प्रत्येकी एक, हे छोटं आहे आणि कामाचं आहे. क्लचच्या टाकीत कधीही इंजिन ऑइल किंवा डिझेल ओतू नका. रबर फुगतं आणि थोड्याशा फ्लुइडऐवजी सगळी लाइन खोलावी लागते.

चोवीस_व्होल्ट

विजेचं थोडक्यात. बॅटरीच्या पेटीत दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडलेल्या असतील तर गाडी २४ व्होल्टची, बल्ब त्याच व्होल्टचे घ्या. जुन्या बल्बच्या बुडावर छापलेलं असतं. हेडलाइट एच४ चे २, इंडिकेटरचे २१ वॅटचे ४, मागचे दुहेरी तारेचे २१/५ वॅटचे ४. फ्यूज गाडीत आहेत त्याच जातीचे आणि आकड्याचे, प्रत्येकी ५. सिगारेटची चांदी किंवा तार गुंडाळलेला फ्यूज दिसला तर काढून टाका. फ्यूज जळायचा थांबतो, मग वायरिंग जळतं. फ्लॅशर १, रिले २, अडीच चौरस मिमी वायर ५ मीटर, टेप २, बॅटरीचे टर्मिनल २, आणि एक टेस्ट लॅम्प. टेस्ट लॅम्प म्हणजे २४ व्होल्टचा बल्ब, दोन वायरी, एक चिमटा, एक टोकदार सळई. मीटरपेक्षा रस्त्यात हाच जास्त कामाचा, कारण तो भार टाकून बघतो. गंजलेल्या वायरीतूनही मीटर पूर्ण व्होल्ट दाखवतो.

सेल्फ ‘टक्’ करून थांबला तर लगेच सेल्फ खोलू नका. दोन-तीनदा मारून बॅटरीच्या टोकांना हात लावा. जे टोक गरम ते सैल किंवा कुजलेलं. तसंच इंजिनकडून चॅसिसला येणारी अर्थची पट्टी बघा.

टेप किंवा चार्जर चालवायला एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढलेले असतात. ते बंद करा. एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी उकळते, आणि सहा महिन्यांत जोडी जाते. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लावा. कारवाल्याची बॅटरी जोडून स्टार्ट मारायचा प्रयत्नही नको.

रिंग_टायर

टायरचं. स्टेपनी एक हवीच, पण स्टेपनी असणं आणि तिच्यात हवा असणं वेगळं. महिन्यातून एकदा काट्याने मोजा. कॅरिअरची साखळी आणि तिची फिरकी ग्रीस करा, पावसाळ्यानंतर हमखास जाम होतात. जोडीला ट्यूब १, फ्लॅप (ट्यूब आणि रिंगच्या मधली रबरी पट्टी) १, व्हॉल्व्हचे पिन ४. फ्लॅप विसरतात आणि मग नवी ट्यूब रिंगच्या गंजाने आठवड्यात कापली जाते.

मागच्या जोडीत दोन टायरांची उंची सारखी पाहिजे. घासलेल्याशेजारी नवा लावला तर नवा सगळा भार घेतो, तापतो आणि समृद्धीच्या काँक्रीटवर दुपारी फुटतो. एका धुरावर रेडियल आणि नायलॉन मिसळू नका. स्टेपनी रेडियल की नायलॉन ते ठरवतानाच हा विचार करा.

जॅक २० टनी बाटलीचा ठेवा, १० टनी भरल्या गाडीखाली जीव काढतो. त्याच्याखाली फूटभर चौरस, दोन इंच जाडीची लाकडी फळी, नाहीतर जॅक मऊ साइडपट्टीत रुततो. जॅक धुराखाली, स्प्रिंगच्या पाट्याजवळ. चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायचे. काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात, स्टडच्या टोकावर ‘एल’ आहे का बघा. अर्धा तास टॉमीवर उड्या मारून स्टड तोडण्यापेक्षा हे बरं. चाक बसवल्यावर समोरासमोरचे नट क्रमाने आवळा आणि ५०-१०० किलोमीटरवर पुन्हा एकदा.

टाकीतून टायर भरायला १० मीटर नळी आणि मापक ठेवा. अनलोडरवर (टाकी भरली की हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) हवा काढायचं तोंड असेल तर टाकीचा दाब थोडा उतरवून भरायला घ्या. टाकी पूर्ण भरली की कंप्रेसरची हवा बाहेर सुटते, टायरला येत नाही. सुट्या लॉक रिंगवाल्या (टायर अडकवणाऱ्या लोखंडी कड्याच्या) चाकात हवा भरताना रिंगेसमोर उभं राहायचं नाही आणि रिंग बसत नाही म्हणून हवा असताना हातोडी मारायची नाही. पूर्ण हवा सोडा, रिंग पुन्हा बसवा, चाकाभोवती साखळी गुंडाळा, मग भरा.

कांदेवाला_पिंपळगाव

मंडळी, फार उपयोगी. दोन प्रश्न उरले. पुढचा पाटा तुटला तर? पूर्ण पाटा बाळगायचा का? आणि नोझलचा पाइप चिरला तर? सहाही पाइपांची वळणं वेगळी, सहा कुठे ठेवू?

पाना_टॉमी

नोझल पाइप आधी. तो चिरतो कारण क्लॅम्प गेलेला असतो आणि पाइप थरथरतो. म्हणून क्लॅम्प सांगितले, पाइप नाही. तरीही चिरलाच, तर पंपाच्या त्या तोंडाला बूच मारू नका, पंप बंद तोंडावर दाब देऊन स्वतःचं नुकसान करून घेतो. चिरेच्या आधी पाइप कापून किंवा नोझलकडून सोडून डिझेल बाटलीत घ्या, बाटली नीट बांधा, सायलेन्सरपासून लांब ठेवा आणि वारंवार रिकामी करा. पाच सिलिंडरवर गाडी हळू हळू सपाटीने जाते. चीर शोधायला बोट फिरवू नका, त्या दाबाची धार कातडीतून आत जाते. पुठ्ठा धरा.

पाट्याचं बोलायचं तर पाटा क्वचितच ‘आपोआप’ तुटतो. यू-बोल्ट सैल पडतात, पाटे एकमेकांवर सरकतात, सेंटर बोल्ट कापला जातो आणि धुरा मागे सरकतो. म्हणून सेंटर बोल्ट २, यू-बोल्ट नटांसकट २, शॅकल पिन आणि बुश एकेक. मागचा मधला पाटा तुटला तर धुरा आणि चॅसिसमध्ये लाकडी ठोकळा, साखळीने बांधून ताशी १०-१५ च्या वेगाने गॅरेज. पुढचा मेन पाटा पुढच्या बाजूला तुटला तर मात्र गाडी हलवायची नाही, धुरा धरून ठेवणारं तेच एक आहे. मेन पाटा तुम्ही नागपूर खेपेलाच टाका, पेटीत नाही, बॉडीखाली लांबीने बांधून. समृद्धीवर इंटरचेंज सोडून खाली उतरता येत नाही आणि वाटेत पाटेवाला बसलेला नसतो.

हलकी_पेटी

टोइंगबद्दल एक. हवा नसलेली गाडी ओढायची तर आधी स्प्रिंग ब्रेक सोडवा किंवा ओढणाऱ्या गाडीची हवा जोडा. आणि लांब न्यायची असेल तर प्रोपेलर शाफ्ट सोडा. इंजिन बंद असताना चाकं गिअरबॉक्स फिरवतात पण आत तेल नीट उडत नाही.

आणखी एक किरकोळ पण हमखास लागणारं: धुण्याच्या साबणाची वडी. डिझेल टाकीची शिवण पाझरायला लागली की बाहेरून घासून दाबून बसवा. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, गावापर्यंत धरतो. एम-सील ओल्या, तेलकट पत्र्याला चिकटत नाही, त्याच्यासाठी टाकी उतरवून पुसावी लागते.

घाट_आणि_हवा

माणसांसाठीचं कुणी लिहिलंच नाही. परावर्तक त्रिकोण २, रात्री चमकणारी जॅकेटं २, डोक्याला बांधायची बॅटरी २ (हात मोकळे राहतात). पहिला त्रिकोण गाडीमागे निदान ५० मीटरवर, घाटात वळणाच्या अलीकडे, म्हणजे मागच्याला वळण घेण्याआधी दिसेल. गाडीमागे झाडाची फांदी बांधायची पद्धत दिवसा ठीक, रात्री ती कुणाला दिसत नाही. एबीसी पावडरचा ६ किलोचा अग्निशामक, पेटीत नको, केबिनमध्ये हाताशी. काटा हिरव्यात आहे का बघा आणि महिन्यातून एकदा उलटा करून हलवा, पावडर खाली घट्ट बसते. दाबाची पट्टी, भाजल्यावरची जाळी, ओआरएस. पिण्याचं पाणी ५ लिटर वेगळं. कूलंट पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका, चवीला गोड आणि विषारी असतो. कोरडा खाऊ: गूळ, शेंगदाणे, चिवडा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीला १०३३, रुग्णवाहिकेला १०८, बाकी सगळ्याला ११२. दरवाज्याच्या आत रंगाने लिहून टाका, मोबाइलची बॅटरी संपलेली असते तेव्हाच हे लागतात.

आणि चाकामागे लावलेले दगड निघताना क्लीनरला उचलून बाजूला टाकायला लावा. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला तो दगड दिसत नाही.

कांदेवाला_पिंपळगाव

सगळ्यांचे आभार. या आठवड्यात होस आणि पट्टे नवे बसवतो, उतरवलेले पेटीत. चेंबरचे आकडे बघितले: पुढे २४, मागे ३०, आणि सोडवणीचा बोल्ट एकाच बाजूच्या चेंबरच्या खिशात सापडला, दुसऱ्याचा गायब. पेटीत सामान लावायचं कसं?

पाना_टॉमी

तळाला जॅक, फळी, साखळी, ठोकळे. त्यावर पाने, पण कप्प्यात किंवा जुन्या जीनच्या पिशवीत, सुटे नाही, नाहीतर वर्षभरात आपटून आपटून होस चिरतात. रबराच्या वस्तू वर, मोठ्या वेटोळ्यात, पट्ट्याला घडी घालू नका. वायसर आणि फेरूल औषधाच्या डब्यांत, बाहेर माप लिहून. यादी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा, काही वापरलं की त्यावर खूण, आणि घरी आल्यावर खूण बघून भरा. सोडवणीचे बोल्ट आणि टेस्ट लॅम्प केबिनमध्ये सीटखाली. पाऊस पडत असताना पेटीपर्यंत जाऊन सगळं उपसावं लागू नये. पेटीच्या बुडाला चार कोपऱ्यांत १० मिमीची भोकं पाडा. झाकणाला कितीही रबर लावलं तरी पाणी शिरतंच, ते साचलं नाही म्हणजे झालं.